पठारावरची शीत-कढी

गोव्यात मोठी शिक्षणसंस्था म्हटली की ती बऱ्याचदा पठारावर सापडते. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुढीला, बिट्स पिलानीचा परिसर झुआरीनगरला. खाली शेतं, कुळागरं म्हणजे माड-पोफळीच्या बागा, देऊळ, चर्च, बाजार; वर कातळ, वारा आणि वर्ग. एवढी सलग जागा तिथेच मिळणार, त्यामुळे यात कुणाची चूक नाही. पण या निवडीबरोबर एक जबाबदारीही पठारावर चढून येते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शहरातल्या कॉलेजातलं पोर कॅन्टीनचा समोसा आवडला नाही तर गेटबाहेर पडतं, कोपऱ्यावरच्या कॅफेत भाजी-पाव खातं आणि पुढच्या तासाला वर्गात हजर होतं. पठारावरच्या मुलाला भूक लागली तर जायला दुसरी जागाच नसते. कॅन्टीनवाल्याने जे ठेवलं, तेच त्याचं दुपारचं जेवण.

मी अशाच एका कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं कॅन्टीन समितीवर आहे. समित्यांच्या उतरंडीत ही अगदी तळाची. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीच्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात, सांस्कृतिक समितीत जायला चढाओढ असते, कॅन्टीनच्या बैठकीला मात्र दोघं-तिघं उगवतात आणि तीही चहा संपेपर्यंत. मला ही समिती मनापासून महत्त्वाची वाटते. साडेअकराच्या तासाला वर्गात बसलेल्या मुलाच्या पोटात काय आहे, यावर माझ्या त्या तासाचं बरंचसं भवितव्य ठरतं, हे मी रोज समोर बघते.

आमचा पहिला तास साडेआठचा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांच्या आतल्या गावांतून येणारी मुलं सकाळी सहाला घराबाहेर पडतात. पहिली बस चुकली तर पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून बहुतेक जण चहावर निघतात. एखाद्याची आई पहाटे उठून चपात्या करून देते. पण ज्या घरी आईलाच सहाच्या बसने कामाला जायचं असतं, तिथे डब्याची अपेक्षा कुणी करायची? रात्री नवाला जेवलेलं मूल साडेदहाच्या सुट्टीत पहिला घास घेतं. मधे साडेतेरा तास जातात. त्यातल्या दोन तासांत आम्ही त्याला सांख्यिकी शिकवलेली असते.

शाळेत असताना याच मुलांना मधल्या वेळचा आहार मिळत होता. गोव्यात तो बहुतेक ठिकाणी गावातल्या बायकांचे स्वयंसाहाय्य गट करून देतात; पाव-भाजी असते, कधी पुलाव. आठवी संपली की ती सोय संपते. वाढीचं वय तेव्हाच जोरात असतं, पण सरकारी कागदावर मूल तिथे मोठं झालेलं असतं. पुढे कॉलेजात येईपर्यंत त्याला, आणि विशेषतः तिला, न खाता राहायची सवय लागलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३९ टक्के रक्तक्षयाच्या दिसल्या. आधीच्या फेरीत हा आकडा सुमारे ३१ होता. शिक्षणात, दरडोई उत्पन्नात पुढे असलेल्या राज्याची ही गोष्ट. मला तो आकडा वाचताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी दिसते. ती रोज पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा घेते, अर्धा सुट्टीत खाते आणि अर्धा परतीच्या बससाठी दप्तरात ठेवते.

आता आमच्या कॅन्टीनचा फळा बघा. सामोसा, पॅटिस, कटलेट-पाव, व्हेज रोल, चिकन रोल, शेजवान नूडल्स, ट्रिपल राइस, मंचुरियन, मॅगी साधी, मॅगी चीज, फ्रेंच फ्राइज, पिझ्झा, बर्गर. सगळे मिळून चाळीसेक पदार्थ असतील. पालकसभेत हा फळा अभिमानाने दाखवला जातो: बघा, मुलांसाठी किती विविधता आहे! मी एकदा वहीत प्रत्येक पदार्थापुढे त्यात मुळात काय आहे ते लिहून काढलं. मैदा, बटाटा, तेल. मैदा, कोबी, तेल. मैदा, चीज. तांदूळ, कोबी, सॉस, तेल. चाळीस नावांच्या मागे चार-पाच वस्तू होत्या. डाळ, उसळ, पालेभाजी, ताक, फळ यांपैकी फळ्यावर काहीही नव्हतं. अंडं होतं, ते रोलच्या आत गुंडाळलेलं.

आणि हे गोव्यात! जिथे सकाळच्या न्याहारीचा एवढा सुरेख, स्वस्त आणि पोटभरीचा प्रकार आधीपासून तयार आहे. पणजीत कॅफे टाटो १९१३ पासून चालू आहे. तिथे, कॅफे भोसलेत किंवा म्हापसा-फोंड्यातल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात जाऊन बसा. पातळ भाजी म्हणजे भिजवून शिजवलेले वाटाणे, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वर बारीक चिरलेला कांदा. सुकी भाजी म्हणजे मोहरी-हिरवी मिरचीच्या फोडणीतला पिवळा बटाटा. दोन्ही हवं तर मिक्स. टोमॅटो भाजी, अळसांद्यांचं तोणाक म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचा खोबऱ्यातला रस्सा, मुगाची उसळ वारानुसार. सोबत पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा पाव नाहीतर गोल, कडक सालीचा उंडो, आणि ज्याला हौस आहे त्याला मिरची भजी किंवा बन. कडधान्य, नारळ, कांदा, पाव. वीस मिनिटांत माणूस खाऊन उठतो आणि दुपारपर्यंत त्याला भूक आठवत नाही. गोव्यातल्या कारकुनाने, मास्तराने, बसच्या कंडक्टरने शंभर वर्षं ज्याच्यावर दिवस काढले, ते खाणं आमच्या फळ्यावर तळाला एका ओळीत होतं, आणि तेही बहुधा अकराच्या आत संपलेलं.

ते एवढ्या लवकर का संपतं, याचा शोध घेताना मला कॅन्टीन खऱ्या अर्थाने कळू लागलं. स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय यातलं काही कळत नाही. वाटाणे रात्री भिजवायला हवेत, म्हणजे उद्या किती मुलं येणार याचा अंदाज आज हवा. आणि तो अंदाज कुणीच देत नाही. अमक्या वर्गाची औद्योगिक सहल, तमक्यांची चाचणी, अचानक जाहीर झालेली सुट्टी. कॅन्टीनवाल्याला हे सगळं मुलांच्या आधी कधीच कळत नाही. उरलेली भाजी फेकावी लागते. नूडल्स मात्र पाकिटात असतात, मागणी आली की कढईत पडतात. नुकसान नको असलेला माणूस पाकिटाकडेच वळणार.

आमच्याकडे सुट्टी वीस मिनिटांची. सहाशेच्या वर मुलं एकदम बाहेर पडतात, कुपनाची खिडकी एक, वाढणारे हात दोन. ज्या कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचं वेगळं काहीतरी त्या क्षणी परतायचं असतं, तिथे रांग पुढे सरकणार कशी? मागे उभ्या असलेल्या मुलाला पाचव्या मिनिटाला कळून चुकतं की आपला नंबर येणार नाही. मग तो रांग सोडतो आणि काउंटरवरचा वेफर्सचा पुडा उचलतो. आम्ही स्टाफरूममध्ये बसून म्हणतो, हल्लीच्या मुलांना जंक फूडच आवडतं. त्या मुलाच्या आवडीचा तिथे संबंधच आलेला नसतो. त्याच्यापुढे वेळापत्रक उभं असतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्चशिक्षण संस्थांना आवारात जंक फूड विकू नका असं कळवलं होतं. हेतू चांगला. आमच्याकडेही ते पत्र आलं, फाइलला लागलं. पण नुसत्या मनाईने ताट भरत नाही. वेफर्स काढून टाकले आणि त्या जागी काही ठेवलं नाही, तर सत्तरीचं पोर उपाशी राहील, एवढाच बदल होईल. आम्ही निराळं करून पाहिलं. कॉमर्स आणि सायन्सच्या सुट्ट्यांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर टाकलं. प्राचार्यांनी वेळापत्रक समितीला राजी करायला एक अख्खं सत्र घेतलं, पण झालं. रांग निम्मी झाली. भाजी-पावाला वेगळी खिडकी दिली, जिथे फक्त वाढायचं असतं, परतायचं काही नाही. त्या खिडकीपाशी आता मुलं थांबतच नाहीत. ताटली उचलतात आणि पुढे जातात. पदार्थात काडीचा बदल केला नव्हता, तरी पातळ भाजीचा खप वाढला.

तेलाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब झाल्याची खूण, वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. ते मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हाच प्रकल्प करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला फार आनंद झाला. मुलं आठवड्यातून एकदा कढईतला नमुना घेतात आणि आकडा कॅन्टीनच्या दारावर लावतात. तेल कधी बदललं हे आता ठेकेदाराच्या शब्दावर अवलंबून नाही. शिकवणं आणि खाणं एकाच आवारात असल्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

ठेकेदाराला सगळा दोष देणं सोपं आहे आणि मला ते मान्य नाही. त्याची बाजू कॅलेंडरवर मांडून बघा. अध्यापनाचे दिवस वर्षाला किमान १८० असावेत असा नियम आहे. म्हणजे भरलेलं कॅन्टीन त्याला वर्षातून सहा महिने मिळतं. चतुर्थीची सुट्टी, दिवाळीची मोठी सुट्टी, नाताळ, परीक्षांचे अर्धे दिवस, मग उन्हाळा. स्वयंपाकिणीला आणि पोरांना पगार मात्र बारा महिने द्यावा लागतो, नाहीतर जूनमध्ये ती परत येत नाहीत. हॉटेलांच्या हंगामात किनाऱ्यावर त्यांना दुप्पट पैसे देणारे बसलेलेच असतात. आणि आपण टेंडर काढतो ते कसं? पदार्थांचे दर आपण बांधून देतो आणि जो जास्त भाडं देईल त्याला जागा देतो. दर वर बांधलेले, भाडं खालून चढलेलं. मधे दबणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ताटातला जिन्नस. वाटणातलं खोबरं कमी होतं, तेल आणखी एक दिवस चालवलं जातं, वाटाण्याच्या रसाला बेसन लावून दाटपणा आणला जातो. चव बिघडली म्हणून आम्ही तक्रारपेटी ठेवतो. जास्त भाड्याची रक्कम मात्र आपल्याच ताळेबंदात जमा झालेली असते. ते पैसे मुलांच्या ताटातून आलेले आहेत, असं मी बैठकीत स्पष्ट म्हटलं आणि पुन्हा म्हणेन.

नारळाचं तर विचारूच नका. गेल्या काही काळात बाजारात नारळाने चाळिशी-पन्नाशी गाठली. गोव्याच्या स्वयंपाकात नारळ वगळून काय उरतं? आमची स्वयंपाकीण, सगळी मुलं तिला काकी म्हणतात, मडकईकडची आहे. ती हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची कढी, करते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं. सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच आणि ओलं खोबरं गंधासारखं बारीक वाटून घेते. मिक्सरचं भांडं दोन बोटं चुरून पाहते आणि कण लागला तर पुन्हा फिरवते. बांगडा असेल तर शेवटी तिरफळं ठेचून टाकते. कढीला एकच उकळी, मग मासे, मग झाकण. त्या दिवशी आवारात कुणाला विचारावं लागत नाही की आज काय आहे.

हे शीत-कढीचं, म्हणजे भात-कढीचं, ताट सुरू व्हावं म्हणून मी हट्ट धरला होता. भात, हुमण, एक भाजी, सोलकढी. ज्याला परवडेल त्याने तळलेला तुकडा वर घ्यावा. पहिल्या महिन्यातच एक अडचण लक्षात आली. आपलं शैक्षणिक वर्ष उघडतं जूनमध्ये आणि यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. मुलं नव्या उत्साहाने येतात तेव्हा बाजारात ताजा मासा सोन्याच्या भावाचा. ऑगस्टमध्ये ट्रॉलर बाहेर पडतात, तोवर श्रावण आलेला असतो आणि निम्मी मुलं मासे खात नाहीत. पुढे चतुर्थी. म्हणजे पहिल्या सत्रात नियमित माशाचं ताट द्यायला जेमतेम काही आठवडे मिळतात. काकीला हे शिकवावं लागलं नाही. पावसाळ्यात ती सुक्या सुंगटांचं किस्मूर, म्हणजे सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर, करते, डाळीच्या कढीबरोबर देते. "आयज नुस्तें मेळ्ळें ना टीचर, तांतयांची कडी केल्या," असं मला दारातूनच सांगते. अंड्याची ती कढी होस्टेलवरच्या बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना माशापेक्षाही आवडू लागली आहे. केरळचा एक मुलगा तिच्याकडे बसून नारळाच्या वाटणावर वाद घालतो. दोघांची भाषा वेगळी, तरी वाद रंगतो.

सोमवारी माशाचं ताट नसतं. अनेक हिंदू घरांत सोमवार पाळतात, काही गुरुवारही. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी ख्रिस्ती मुलं मांस टाळतात. रमझानात संध्याकाळच्या तुकडीतली मुस्लिम मुलं रोजा सोडायला खजूर आणि पाणी ठेवा म्हणाली, ते ठेवलं. ही सगळी पथ्यं एका खोलीत, एकाच बाकांवर सांभाळली जातात याचं मला फार अप्रूप आहे. त्यासाठी भाषण कुणी दिलं नाही. मासे तळायची कढई आणि डाव वेगळा ठेवला, तो वेगळा आहे हे बाहेरून दिसेल अशा जागी टांगला, आणि मुलांनी विश्वास टाकला. सोमवारचं अळसांद्यांचं तोणाक तर आता माशाच्या ताटाइतकंच संपतं. सोमवारी ते खायला डिसोझा, नाईक, शेख सगळे एका बाकावर दिसतात, आणि कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही.

फळ्यावरचे चाळीस पदार्थ आता चौदा झाले आहेत. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली. पिझ्झा का काढला, असं विद्यार्थी प्रतिनिधीने लेखी विचारलं; त्याला आम्ही बैठकीत बोलावलं, हिशेब दाखवला, आणि शेजवान नूडल्स त्याच्या आग्रहाखातर ठेवले. ठेवायलाच हवेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला कधीतरी तिखट, लाल, चमचमीत खावंसं वाटणारच. कॅन्टीनमध्ये मजाही मिळाली पाहिजे. पण मजेसाठी पैसे नसलेल्या मुलालाही त्याच काउंटरवर, त्याच स्टीलच्या ताटात, मान खाली न घालता पोटभर जेवता आलं पाहिजे. माझा सगळा हट्ट एवढ्यासाठी आहे. गरजू मुलांसाठी आम्ही महिन्याची कुपनं काढली, तेव्हा त्यांचा रंग वेगळा ठेवायची सूचना आली होती, हिशेबाला सोपं म्हणून. ती मी होऊ दिली नाही. सगळी कुपनं पिवळीच आहेत. हिशेब मागच्या क्रमांकावरून होतो.

बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढणारी ती मुलगी आता भाजी-पावाच्या खिडकीवर दिसते. अजून जेवणाचं ताट घेत नाही. दुपारची बस लवकर असते म्हणते.

सध्याच्या ठेकेदाराची मुदत मे महिन्यात संपते आहे आणि नव्या टेंडरचा मसुदा माझ्याकडे आहे. त्यात भाड्याला कमी गुण दिले आहेत आणि करून दाखवलेल्या जेवणाला जास्त. अर्ज करणाऱ्याने समितीला आणि वीस मुलांना एक दिवस जेवू घालायचं, मुलांनीही गुण द्यायचे. सुट्टीच्या महिन्यांचं भाडं माफ. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक कार्यालयाने शुक्रवारी ठेकेदाराला द्यायचं, म्हणजे वाटाणे किती भिजवायचे ते त्याला कळेल. रोज एक पूर्ण ताट, संपलं असं दीडच्या आत सांगायचं नाही. काकीला आणि तिच्याबरोबरच्या दोघींना नव्या ठेकेदाराने कामावर ठेवावं, हेही लिहिलं आहे. तसं लिहिता येतं का ते वकिलांना विचारलंय. एवढ्यावर बहुतेकांची संमती आहे. अडलंय ते नारळावर. ताटाचा दर नारळाच्या बाजारभावाला जोडून दर सत्राला बदलावा, वाढेल तो फरक कॉलेजने भरावा, असं माझं म्हणणं. लेखा विभाग म्हणतो, असा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा? मी ग्रंथालयाच्या आणि प्रयोगशाळेच्या रांगेत त्याला जागा मागितली आहे. त्यावर अजून निर्णय नाही.